एकही दिवस कोरडा नको: मेडनहेअर फर्न घरात वाढवताना

नर्सरीत मेडनहेअर फर्न दिसलं की हात आपोआप पुढे होतो. काळेभोर चकचकीत देठ, त्यांवर नखाएवढ्या हिरव्या पर्णिका आणि झुळूक नसतानाही हलणारा सगळा डोलारा. घरी आणल्यावर आठवडाभर ते तसंच राहतं. मग एखाद्या संध्याकाळी ऑफिसातून परतावं तर पानं करकरीत वाळलेली. "नाजूक झाड आहे, आपल्या हवेत टिकत नाही" असं म्हणून कुंडी कचऱ्याजवळ जाऊन पडते.

मला हे पटत नाही. याच कुळातले नेचे, म्हणजे फर्न, सह्याद्रीत आणि कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींत कोणी न लावता उगवतात. या झाडाची अट एकच आहे, पण ती कडक आहे: मुळाशी ओल कधीही तुटता कामा नये. प्रकाश, कुंडी, माती, जागा याबद्दल पुढे जे काही सांगणार आहे, ते बहुतेक सगळं या एका अटीभोवतीच फिरतं. आणि ही अट रोज आठवणीने पाणी घालून पाळता येईल असं धरून चालू नका. ती पाळली जाईल अशी सोय आधी करा, मग झाड आणा.

तो मुळात कुठे राहतो

पावसाळ्यात एखाद्या जुन्या, दगडी बांधणीच्या विहिरीत डोकावून बघा. पाण्याच्या पातळीच्या वर, आतल्या भिंतीवर, दगडांच्या सांध्यांतून हे नेचे लोंबत असतात. तिथे ऊन थेट पोचत नाही, पण वरून आभाळाचा भरपूर उजेड येतो. सांध्यांतून पाणी सतत झिरपत असतं, पण भिंत उभी असल्यामुळे ते साचत नाही. मुळं मूठभर कुजलेल्या पाचोळ्यात असतात, मातीत नव्हे. हवा दमट असते आणि वारा जवळजवळ नसतो. घरात आपल्याला हीच परिस्थिती, जमेल तितकी, उभी करायची आहे.

आता पानाकडे बघा. पर्णिका अतिशय पातळ असतात, त्यांत पाण्याचा साठा म्हणून काही नसतोच. कोरफड महिनाभर पाण्याविना काढते, मनी प्लांट आठवडाभर सहज तग धरतो. याच्याकडे शिल्लक काहीच नाही. मुळांकडून पाणी येणं थांबलं की काही तासांत पर्णिका कडेने गुंडाळायला लागतात. एकदा वाळलेली पर्णिका नंतर कितीही पाणी घातलं तरी पुन्हा हिरवी होत नाही. शिवाय पानाचा पृष्ठभाग पाणी धरत नाही, थेंब पडला की घरंगळून जातो. म्हणूनच पानांवर फवारा मारत बसण्याचा फारसा उपयोग होत नाही. फवाऱ्याने वाढलेला दमटपणा काही मिनिटांत विरून जातो आणि आपल्याला मात्र झाडाला पाणी दिल्याचं समाधान मिळतं. हे समाधान धोक्याचं आहे, कारण तेवढ्यात खाली कुंडी कोरडी पडलेली असू शकते.

कोणती जात आणायची

नर्सरीत 'मेडनहेअर' म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा अ‍ॅडिअँटम रॅडियानम असतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, त्याच्या कितीतरी लागवडीच्या जाती आहेत आणि घरासाठी सुरुवातीला हाच घ्या. वर्षभर हिरवा राहतो आणि छाटल्यावर जोमाने फुटतो. काही ठिकाणी अ‍ॅडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस मिळतो. हा जगाच्या उष्ण आणि समशीतोष्ण भागांत, भारतातही, नैसर्गिकरीत्या वाढतो आणि पाझरत्या चुनखडकांवर विशेष रमतो. अ‍ॅडिअँटम हिस्पिड्युलम दिसला तर जरूर घ्या. त्याची कोवळी पानं गुलाबी-तांबूस येतात, पर्णिका जरा जाड असतात आणि तो कोरडी हवा इतरांपेक्षा बरी सोसतो. पुणे, नाशिक किंवा मराठवाड्यात राहणाऱ्यांनी तर त्याची मुद्दाम चौकशी करावी. मोठ्या, गोलसर पर्णिकांचा अ‍ॅडिअँटम पेरुव्हियानम दिसायला देखणा आहे, पण त्याला जागा आणि दमटपणा दोन्ही जास्त लागतं. तो दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

आपल्या डोंगरांत जून-जुलैपासून जो सर्वत्र दिसतो तो हंसराज, म्हणजे अ‍ॅडिअँटम ल्युन्युलाटम. ट्रेकला गेलेली मंडळी गडाच्या भिंतीवरून तो उपटून आणतात आणि दिवाळीच्या सुमारास तो सुकला की हळहळतात. खरं तर हा नेचा पाऊस संपला की पानं टाकतोच. जमिनीतला त्याचा जाडसर भाग कोरड्या दिवसांत झोपून राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. म्हणजे बारमाही घरच्या कुंडीसाठी तो बनलेलाच नाही. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय कोणतीही वनस्पती उपटणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि जिथे गुन्हा नसेल तिथेही उपटू नका. भिंतीवरचं झाड तिथेच बघायला जावं.

कधी आणायचं, बघून काय घ्यायचं

जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. हवा दमट असते, ऊन सौम्य असतं, त्यामुळे नर्सरीतून घरात येतानाचा धक्का कमी बसतो. मार्च ते मे या काळात, विशेषतः कुरिअरने, हे झाड मागवू नका.

कुंडीच्या मध्यभागी पानं बाजूला करून आत बघा. गोल गुंडाळलेले कोवळे कोंब वर येत असतील तर झाड जिवंत आणि चालू आहे, मग कडेची दोन-चार पानं तपकिरी असली तरी हरकत नाही. वरून दाट हिरवं पण आत एकही कोंब नाही असं झाड टाळा. कुंडी उचलून बघा, ती वजनदार लागली पाहिजे. पानं उलटी करून देठांच्या बेचक्यांत पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण, ते झाड घेऊ नका.

इथे एक गोष्ट नव्याने सुरुवात करणाऱ्यांना हटकून घाबरवते. पर्णिकेच्या खालच्या बाजूला, अगदी कडेला, तपकिरी पट्ट्या किंवा अर्धचंद्राकार ठिपके ओळीने दिसतात. ती कीड नाही. पर्णिकेची कड खाली दुमडलेली असते आणि त्या दुमडीत नेच्याचे बीजाणू, म्हणजे बियांचं काम करणारे धुळीसारखे बारीक कण, तयार होतात. ठिपके नेमाने, कडेकडेने, सारख्या अंतरावर असतील तर ते बीजाणूच. ते खरवडू नका, त्यांवर औषध मारू नका. खवले कीड असेल तर ती देठावर, शिरांवर, कुठेही विखुरलेली असते आणि नखाने उचकटता येते.

घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका. नर्सरीच्या शेडनेटखाली दिवसातून अनेकदा पाणी मारलेलं असतं आणि आपल्या दिवाणखान्यात हवा त्या मानाने कोरडी असते. पहिला आठवडा-दहा दिवस झाडावर एक मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैलसर ओढून ठेवा. रोज थोडा थोडा वेळ ती उघडी ठेवा, वेळ वाढवत न्या आणि शेवटी काढून टाका. या काळात काही जुनी पानं गेली तर जाऊ द्या. नवे कोंब कुठल्या हवेत उघडतात ते महत्त्वाचं, कारण ते त्याच हवेला जुळवून घेतात.

जागा

उत्तरेची खिडकी सर्वांत चांगली, त्याखालोखाल पूर्वेची. सकाळचं कोवळं ऊन तासभर चालतं. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडकीत पातळ पांढरा पडदा हवा, किंवा कुंडी खिडकीपासून चार-पाच फूट आत. एक सोपी परीक्षा अशी: दिवसा त्या जागी दिवा न लावता वर्तमानपत्र आरामात वाचता आलं पाहिजे, आणि पानावर हाताची सावली पुसट पडली पाहिजे. ठळक सावली म्हणजे ऊन जास्त. वाचायला त्रास होतो म्हणजे उजेड कमी. कमी उजेडात हा नेचा लगेच मरत नाही, पण पानं विरळ, फिकी होतात, झाड पाणी कमी ओढतं आणि मग ओल्या कुंडीत मुळं कुजायला लागतात.

मुंबई-ठाण्याच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये खिडकीसमोर दुसरी इमारत असते. तिथे साधी पांढऱ्या उजेडाची एलईडी ट्यूब, झाडापासून फूट-दीड फुटावर, रोज बारा तास लावली तर नेचा चांगला वाढतो. त्यासाठी महागडा ग्रो लाइट लागत नाही.

पंख्याखाली, एसीच्या झोतात किंवा कूलरसमोर कुंडी ठेवू नका. वाहता वारा पानांतलं पाणी मुळांना भरून काढता येणार नाही इतक्या वेगाने ओढून नेतो. विदर्भात कूलर चालू असलेल्या खोलीतली दमट हवा नेच्याला आवडते, फक्त झाड झोताच्या बाहेर, कोपऱ्यात हवं. खिडकी असलेली न्हाणीघरं या झाडासाठी अगदी योग्य. बिनखिडकीची मात्र नकोत. थंडीची अडचण महाराष्ट्रात क्वचितच येते. पारा १० अंशांच्या खाली उतरू लागला तर कुंडी बाल्कनीतून आत घ्या, एवढं पुरे. परदेशात, हिवाळ्यात घर तापवणाऱ्या यंत्रणेत राहणाऱ्यांना मात्र आपल्याकडच्या मे महिन्याइतकीच कोरडी हवा जानेवारीत मिळते, त्यांनी पुढचा काचपेटीचा भाग नीट वाचावा.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर निश्चिंत राहा. मेडनहेअर त्यांना विषारी नाही. मांजर पानं कुरतडेल, पण त्रास होईल तो झाडाला.

कुंडी आणि भरण

मातीची कुंडी दिसायला छान, पण तिच्या भिंतींतून पाणी उडत राहतं आणि इथे आपल्याला तेच नको आहे. प्लास्टिकची, तळाला भोकं असलेली कुंडी घ्या. हवं तर ती सिरॅमिकच्या मोठ्या कुंडीत बसवा. आकार मुळांच्या गड्ड्यापेक्षा बोटभर मोठा, त्याहून जास्त नाही. हा नेचा जरा दाटीत खूश असतो, आणि मोठ्या कुंडीतला मुळं न पोचलेला ओला भाग आंबतो.

काळी माती अजिबात नको. ती ओली असताना हवा जाऊ देत नाही आणि वाळल्यावर तडकते. मी वापरते ते मिश्रण असं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं पालापाचोळ्याचं खत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), आणि वर मूठभर गांडूळखत. परलाइट मिळालं नाही तर विटांचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा कोळशाचा चुरा चालतो. भरण ओलं ठेवायचं आणि तरी त्यात हवा खेळती राहिली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्यासाठी हे भरड साहित्य आहे, त्यामुळे ते वगळू नका.

कोकोपीट धुण्याचा कंटाळा करू नका. त्यात क्षार असू शकतात आणि नेच्याची बारीक मुळं त्यांनी जळतात. कोकोपीटची वीट बादलीत भिजवून फुलवा, पिळून पाणी फेकून द्या, असं तीनदा करा.

लावताना एकच काळजी: देठ जिथून फुटतात तो आडवा, केसाळ खोडाचा भाग मिश्रणाच्या पृष्ठभागाशी यावा. तो खोल पुरला की कुजतो. मिश्रण बोटांनी हलकेच बसवा, ठासू नका.

पाणी

मिश्रण नेहमी पिळलेल्या ओल्या फडक्यासारखं असलं पाहिजे: हाताला ओल लागावी, पण दाबल्यावर धार निघू नये. 'वरची माती सुकली की पाणी घाला' हा बाकी झाडांसाठीचा नियम इथे उशिराचा आहे. पृष्ठभागाचा रंग गडद तपकिरीवरून फिका व्हायला लागला की लगेच घाला. कुंडी उचलून वजन ओळखायची सवय लावली तर बोट घालायचीही गरज राहत नाही.

पाणी घालताना झारीने कडेकडेने, खालून निथळेपर्यंत घाला. रोज कपभर शिंपडल्याने फक्त वरचा थर भिजतो. कधी कोकोपीट पूर्ण वाळलं, तर वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली निघून जातं आणि गड्डा आत कोरडाच राहतो. तेव्हा कुंडी अर्ध्या तासासाठी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या.

पाणी कोणतं, याला महत्त्व आहे. पावसाचं सर्वांत उत्तम, ड्रम भरून झाकून ठेवता आलं तर ठेवा. पालिकेचं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं, भरून रात्रभर ठेवलं तर बरं. बोअरवेलच्या जड पाण्याने मात्र काही महिन्यांत कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा जळतात. तिथे आरओचं शुद्ध पाणी वापरा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी नको, क्षार त्यातच एकवटलेले असतात. एसीच्या पाइपातून गळणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, तेही वापरता येतं, फक्त एसीची साफसफाई झाल्यानंतरचे काही दिवस ते टाळा.

आता सोयीबद्दल. या झाडासाठी मी ज्या एकाच व्यवस्थेचा आग्रह धरते ती म्हणजे वातीची कुंडी. नायलॉनची किंवा पॉलिस्टरची जाडसर, विणलेली दोरी फूटभर घ्या. सुती दोरी कुजते, म्हणून ती नको. कुंडी भरतानाच दोरीचं एक टोक तळाच्या भोकातून आत घेऊन मिश्रणात अर्ध्या उंचीपर्यंत वर आणा आणि गोल पसरवा. दुसरं टोक खाली लोंबतं ठेवा. खाली झाकणाचा डबा घ्या, झाकणाला दोरीपुरतं भोक पाडा, डब्यात पाणी भरा आणि कुंडी वर ठेवा. पहिल्यांदा कुंडीत वरून भरपूर पाणी घाला, म्हणजे दोरी आणि मिश्रण दोन्ही भिजतील. कोरड्या दोरीतून पाणी चढत नाही. त्यानंतर झाड आपल्याला हवं तेवढं पाणी खालून ओढत राहतं. डबा लिटरभराचा असेल तर बहुतेक घरांत आठवडाभर बघावं लागत नाही. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून निथळू द्या, म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात.

डब्याला झाकण हवंच, आणि हे मी कळकळीने सांगते आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या उघड्या, साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. कुंडीखाली उघडी बशी वापरत असाल तर त्यात सेंटिमीटरभरापेक्षा जास्त पाणी नको, आणि आठवड्यातून एकदा ती रिकामी करून आतून घासलीच पाहिजे. अंडी बशीच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून टाकल्याने जात नाहीत.

गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना हीच वातीची कुंडी कामाला येते. डबा काठोकाठ भरा, झाडावर पारदर्शक पिशवी सैलसर घाला, खिडकीपासून जरा आत, उन्हाबाहेर ठेवा. दहा दिवस निघतात.

कोरडी हवा आणि काचेची पेटी

मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे राहणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल; तिथली हवा बाराही महिने पुरेशी दमट असते. घाटाच्या पूर्वेला, देशावर मात्र फेब्रुवारीपासून दुपारची हवा फार कोरडी होते. खडे भरलेली पाण्याची ताटली कुंडीखाली ठेवावी असं सगळे सुचवतात. त्याने फरक पडतो, पण थोडा. चार-पाच झाडं जवळजवळ ठेवल्याने त्याहून जास्त पडतो. आणि मुळाशी पाणी अखंड असेल तर हा नेचा कोरडी हवाही पुष्कळ सोसतो, हे लक्षात ठेवा. पानं वाळतात तेव्हा दोष बहुधा हवेचा नसतो, कुंडीचा असतो.

जिथे पारा ४० च्या वर जातो तिथे मात्र काचेची पेटी सर्वांत खात्रीची. १८२९ च्या सुमारास लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते. धुराने भरलेल्या त्या शहरात त्यांचे नेचे जगत नव्हते. एका पतंगाचा कोष बघण्यासाठी त्यांनी तो ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता, आणि त्या मातीत एक नेचा आपोआप उगवून आला. काचेवर जमलेली वाफ थेंब होऊन परत मातीत जात होती. यावरून त्यांनी बंद काचपेट्या बनवल्या, १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडं जहाजाने लंडनहून थेट सिडनीपर्यंत जिवंत पोचली, आणि पुढे चहाची रोपं चीनमधून भारतात आणतानाही या पेट्या वापरल्या गेल्या. आपल्या घरातली जुनी माशांची टाकी किंवा मोठी काचेची बरणी तेच काम करते.

तळाला बोटभर विटांचे तुकडे किंवा कोळसा, त्यावर वरचंच मिश्रण चार इंच, त्यात लहान आकाराचा नेचा. पाणी अगदी कमी घाला, जास्त झालेलं पाणी इथून बाहेर जाऊ शकत नाही. वर काच ठेवा, पण बोटभर फट राहू द्या. सकाळी काचेवर हलकी वाफ दिसली आणि दुपारपर्यंत ती विरली तर प्रमाण बरोबर. दिवसभर काच धूसर राहत असेल तर झाकण एक-दोन दिवस काढून ठेवा. या पेटीवर ऊन थेट पडता कामा नये. बंद काचेत उन्हाची उष्णता कोंडते आणि तासाभरात सगळं शिजतं. नागपूर-चंद्रपूरकडे ही पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, ट्यूबच्या उजेडाखाली ठेवा, खिडकीचा मोहच नको.

खत

खत कमीच हवं असतं. पालापाचोळ्याचं खत आणि गांडूळखत घातलेलं असेल तर पहिले तीन महिने काहीच देऊ नका. नंतर पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, महिन्यातून एकदा, ओल्या कुंडीत. कोरड्या कुंडीत कधीच नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत वाढ मंदावली तर बंद करा. शेणखत ताजं असेल तर दूर ठेवा. वातीच्या डब्यात खत मिसळू नका, पाणी शेवाळतं.

पानं सांगतात ते

पर्णिका राखाडी-हिरव्या होऊन कडेने गुंडाळल्या आणि कुरकुरीत लागल्या, तर कुंडी कधीतरी कोरडी पडली होती, आता ओली असली तरी. फक्त कडा तपकिरी आणि आतला भाग हिरवा असेल तर क्षार किंवा जास्त खत. पाणी बदला, दोन-तीन वेळा वरून भरपूर पाणी घालून कुंडी धुऊन काढा. पानं पिवळी पडत आहेत, कुंडी जड आहे आणि मातीला आंबूस वास येतो, तर मुळं गुदमरली आहेत. झाड बाहेर काढा, काळी मऊ मुळं कापा, जास्त परलाइट घातलेल्या नव्या मिश्रणात लावा. फिकट, करपल्यासारखे डाग खिडकीच्या बाजूच्याच पानांवर असतील तर ऊन लागलं. आणि सर्वांत खालची, सर्वांत जुनी एक-दोन पानं अधूनमधून पिवळी होऊन गेली तर काही बिघडलेलं नाही, ती कापून टाका.

पूर्ण वाळलेलं झाड टाकून देऊ नका! वरचं सगळं गेलं तरी खालचं आडवं खोड बऱ्याचदा जिवंत असतं. ते नखाने किंचित खरवडून बघा, आत फिकट हिरवट किंवा पांढरट आणि टणक असेल तर आशा आहे. सगळे देठ मिश्रणापासून बोटभर उंचीवर कात्रीने कापा, कुंडी बादलीत भिजवून निथळू द्या, पारदर्शक पिशवीत घालून उजेडात ठेवा. साधारण दोन ते चार आठवड्यांत गुंडाळलेले कोंब वर येतात. पानं नसताना पाणी कमी उडतं, त्यामुळे या काळात ओल राखा पण चिखल करू नका. झाड निरोगी असूनही जुनं, विस्कटलेलं दिसत असेल तर हीच छाटणी जूनच्या पहिल्या पावसात मुद्दाम करता येते. तेव्हा सगळी नवी पानं एकदम, एकसारखी येतात आणि ते बघायला खरोखर सुंदर दिसतं.

किडींचं म्हणाल तर पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि कोवळ्या कोंबांवर मावा, एवढीच भीती. निंबोळी तेलाचा फवारा या झाडावर मारू नका. तेलाचा थर पातळ पानांना सोसत नाही आणि ती काळवंडतात. बाधित देठ बुडापासून कापून टाकणं हा इथला सर्वांत चांगला उपाय आहे, नवा देठ येतोच. थोडा मावा असेल तर नळाखाली हलक्या धारेने धुवा. कुंडीभोवती काळी चिलटं फिरत असतील तर मिश्रणावर बोटभर जाड परलाइटचा थर पसरा. पावसाळ्यात बाल्कनीत ठेवलेल्या कुंडीत लहान गोगलगाई रात्री कोवळे कोंब खातात, त्या टॉर्च घेऊन हाताने वेचाव्या लागतात.

एकाची दोन

दोन वर्षांत कुंडी मुळांनी भरते. पाणी लवकर संपायला लागलं आणि तळाच्या भोकांतून मुळं डोकावली की समजा. जून-जुलैत झाड बाहेर काढून धारदार सुरीने गड्ड्याचे दोन किंवा तीन भाग करा. प्रत्येक भागात खोडाचा तुकडा, चार-पाच देठ आणि भरपूर मुळं हवीत. त्याहून लहान तुकडे केले तर ते रुसून बसतात. लावल्यावर पिशवी घालून पहिले दहा दिवस सावलीत.

ज्यांना हौस आहे त्यांनी बीजाणूंपासूनही करून बघावं, घरात डोळ्यांसमोर नेच्याचं संपूर्ण जीवनचक्र दिसतं. पर्णिकेखालच्या पट्ट्या गडद तपकिरी झाल्या की पान कापून पांढऱ्या कागदात दुमडून दोन दिवस कोरड्या जागी ठेवा. कागदावर बारीक तपकिरी धूळ पडते, तेच बीजाणू. झाकणाच्या पारदर्शक डब्यात चाळलेलं कोकोपीट भरून त्यावर उकळतं पाणी ओता, म्हणजे बुरशी आणि शेवाळाचे अंश मरतात. पूर्ण गार झाल्यावर धूळ वरून भुरभुरवा, झाकण लावा, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. काही आठवड्यांत हिरवा थर दिसतो, मग त्यात मसूराएवढे, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे चपटे तुकडे तयार होतात. फलन त्यांच्यावर घडतं आणि त्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो, म्हणून या टप्प्यावर उकळून गार केलेल्या पाण्याचा हलका फवारा मारा. फवाऱ्याचा खरा उपयोग असलेली ही एकच वेळ. त्यातून सुईच्या टोकाएवढी पहिली पानं वर येतात. ती बोटाच्या पेराएवढी झाली की झाकण रोज थोडं थोडं उघडत जा, आणि मग चमच्याने पुंजक्यापुंजक्याने उचलून छोट्या कुंड्यांत लावा. एकेकटं सोडवायला जाऊ नका, मुळं तुटतात.